टनभर ओझे आणि अर्धा चमचा साखर

नवी मुंबईतल्या वाशीच्या घाऊक धान्यबाजारात सकाळी गेलात, तर ट्रकमधून पोती उतरविणारे हमाल तुम्हाला दिसतील. कंबर जरा वाकवायची, मानेवर पोते घ्यायचे आणि तोल सावरत झपाझप चालू लागायचे. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. या कष्टकऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९६९ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरूनच त्यांचे काम किती खडतर असते याची कल्पना येईल.

आता मुंबई-नाशिक रस्त्याने भिवंडीकडे या. येथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोठमोठी गोदामे पसरलेली आहेत. त्यांपैकी एखाद्या गोदामात डोकावलात, तर वेगळेच दृश्य दिसेल. पुढे लोखंडाचे दोन लांब, चपटे हात असलेली एक बुटकी गाडी लाकडी फळकुटाखाली, म्हणजे पॅलेटखाली, ते हात सरकवते. पॅलेटवर पन्नास किलोग्रॅमची वीस पोती रचलेली असतात. गाडी हा सारा ढीग एका दमात उचलते आणि तीन मीटर उंचीच्या फळीवर अलगद ठेवते. हीच फोर्कलिफ्ट. वीस हमालांचे काम तिने अर्ध्या मिनिटात केले!

या कामाला ऊर्जा किती लागली असेल? अंदाज करा पाहू. बादलीभर डिझेल? निदान पेलाभर तरी? चला, अंदाज सोडून हिशेबच करू या.

शंभरातले दोन

वस्तू वर उचलताना करावे लागणारे कार्य काढण्याचे सूत्र तुम्हाला ठाऊक आहे. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार करायचा. वीस पोत्यांचे वस्तुमान १,००० किलोग्रॅम, गुरुत्वत्वरण ९.८ आणि उंची ३ मीटर. गुणाकार येतो २९,४०० ज्यूल.

हा आकडा मोठा वाटतो खरा; पण एक ग्रॅम साखरेपासून शरीराला सुमारे १७,००० ज्यूल ऊर्जा मिळते. म्हणजे टनभर धान्य एक मजला वर चढविण्यासाठी लागणारी ऊर्जा दोन ग्रॅम साखरेत, अर्ध्या चमच्यात, मावते!

मग हमालाला घाम का फुटतो? पहिले कारण असे की, त्याचे शरीर हेही एक यंत्रच आहे आणि खाल्लेल्या अन्नातील बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. दुसरे कारण अधिक गमतीचे आहे. साठ किलोग्रॅमचा माणूस पन्नास किलोग्रॅमचे पोते घेऊन जिना चढतो, तेव्हा पोत्याबरोबर तो स्वतःलाही वर नेत असतो. वीस पोत्यांसाठी वीस वेळा! ओझ्यापेक्षा ओझे वाहणाराच जड. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे तिची गाठ पुन्हा पडणार आहे.

आता गाडीचा हिशेब घेऊ. समजा, आपली फोर्कलिफ्ट मिनिटाला एक, म्हणजे तासाला साठ पॅलेट तीन मीटर उंच ठेवते. उचलण्याचे एकूण कार्य झाले १७,६४,००० ज्यूल. विजेच्या बिलातले एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. तेव्हा तासाभराच्या या कामाला पुरते अर्धे युनिटही लागायला नको.

प्रत्यक्षात काय होते? अडीच टन उचलण्याची क्षमता असलेली डिझेलवरची फोर्कलिफ्ट सतत राबवली, तर तासाला साधारण अडीच लिटर डिझेल पिते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३ कोटी ६० लाख ज्यूल ऊर्जा असते. म्हणजेच दहा युनिटे. अडीच लिटरमध्ये झाली पंचवीस युनिटे. गरज अर्ध्या युनिटाची आणि खर्च पंचवीस युनिटांचा! शंभर रुपये खर्चून दोन रुपयांचा माल घरी आणावा, तशातला हा प्रकार झाला.

उरलेले अठ्ठ्याण्णव कोठे गेले?

ऊर्जा नाहीशी होत नाही, हे आपण शाळेत शिकलो आहोत. तेव्हा चोरी झालेली नाही. वाटा फुटल्या आहेत. त्या एकेक करून शोधू या.

पहिली आणि सर्वांत मोठी वाट एंजिनातच आहे. एंजिनात डिझेल जळते, तप्त वायू दट्ट्याला ढकलतात आणि त्यातून गती मिळते. पण उष्णतेवर चालणारे कोणतेही यंत्र सगळ्या उष्णतेचे कार्यात रूपांतर करू शकत नाही, हा निसर्गाचा नियम आहे. शिवाय फोर्कलिफ्टचे एंजिन मोटारीच्या एंजिनासारखे एका लयीत धावत नाही. थांबा, उचला, मागे घ्या, वळा, पुन्हा थांबा असा त्याचा दिनक्रम. चालक चिठ्ठी वाचत असतानाही एंजिन घरघरत राहते. अशा कामात शंभरातले सुमारे पंचाहत्तर भाग धुरातून आणि पाण्याच्या थंडावा-पेटीतून उष्णता होऊन निघून जातात.

उरले पंचवीस. त्यांच्या मागावर जाण्यासाठी गाडीची एक फेरी बारकाईने पाहू. समजा, ट्रकपासून फळीपर्यंत तीस मीटर अंतर आहे. गाडीचे स्वतःचे वजन चार टन आणि पॅलेट एक टन, मिळून पाच टन. भरीव रबरी चाके जमिनीवर फिरताना थोडी दबतात आणि पुन्हा फुगतात; त्यात ऊर्जा जाते. त्यामुळे होणारा विरोध वजनाच्या साधारण दोन टक्के धरू. तो येतो ९८० न्यूटन. त्याला तीस मीटरने गुणा. उत्तर? २९,४०० ज्यूल!

आकडा ओळखीचा वाटतो ना? सपाट जमिनीवर तीस मीटर जाण्याचा खर्च ओझे तीन मीटर वर चढविण्याच्या खर्चाइतकाच आला. वर, परत येताना रिकाम्या चार टनांच्या गाडीला आणखी २३,५२० ज्यूल लागतात ते वेगळेच.

आता ब्रेककडे पाहा. गाडी सेकंदाला तीन मीटर, म्हणजे ताशी सुमारे अकरा किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग यांच्या निम्मी, म्हणजे २२,५०० ज्यूल होते. फळीपाशी ब्रेक दाबला की ही सारी ऊर्जा ब्रेकच्या पट्ट्या तापविण्यात संपते. परतीच्या खेपेला रिकामी गाडी थांबविताना आणखी १८,००० ज्यूल जातात.

बेरीज करा. उचलण्यासाठी २९,४०० ज्यूल, चाकांसाठी ५२,९२० आणि थांबण्यासाठी ४०,५००. एका फेरीला सुमारे १,२३,००० ज्यूल. साठ फेऱ्यांचा हिशेब केला तर दोन युनिटे, म्हणजे आपल्या शंभर भागांपैकी आठ. बाकीचे सतरा दंतचक्रांत, तेलाच्या पंपात, सुकाणू फिरविण्यात आणि गाडीचा लोखंडी मनोरा वर-खाली करण्यात खर्च होतात.

यातून एक गोष्ट उघड झाली. फोर्कलिफ्ट उचलण्यासाठी बनविलेली असली, तरी तिची बहुतेक मेहनत स्वतःलाच इकडून तिकडे नेण्यात जाते. हमालाच्या जिन्याची गोष्ट येथे पुन्हा भेटली!

बंद दारांआडचा धूर

केवळ पैशांचा प्रश्न असता, तर मालकाने हिशेब पाहून घेतला असता. पण जळलेल्या इंधनाचा धूर कोठे जातो? रस्त्यावरच्या ट्रकचा धूर निदान वाऱ्यावर विरतो. गोदामाला मात्र चार भिंती आणि छप्पर असते. तेथे काम करणारा माणूस आठ तास तीच हवा आत घेतो.

डिझेलच्या धुरात काजळीचे अतिसूक्ष्म कण आणि नायट्रोजनची ऑक्साइडे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये हा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला.

अमेरिकेत पुष्कळ फोर्कलिफ्ट एलपीजीवर, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅससारख्याच इंधनावर चालतात. त्यांचा धूर डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणूनच तो फसवा असतो. एंजिनातील हवा आणि गॅस यांचे प्रमाण बिघडले की ज्वलन अपुरे राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला ना रंग, ना वास. रक्तातील हीमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा तो दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग हीमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहून न्यायला जागाच उरत नाही. डोके दुखू लागते, मळमळते, चक्कर येते. माणसाला वाटते, आज जरा थकवा आला आहे. आणि असा चक्कर आलेला माणूस पाच टनांचे धूड चालवीत असतो!

धोका किती लवकर उभा राहतो ते पाहा. तीस मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि सहा मीटर उंच अशी बंद खोली घ्या. तिच्यात ३,६०० घनमीटर, म्हणजे ३६ लाख लिटर हवा मावते. अमेरिकेतील कामगार-सुरक्षेच्या नियमानुसार आठ तासांच्या पाळीत या वायूचे सरासरी प्रमाण दहा लाख भागांत ५० भागांपेक्षा जास्त असता कामा नये. आपल्या खोलीत ५० भाग म्हणजे अवघे १८० लिटर. आता समजा, एका बिघडलेल्या एंजिनातून मिनिटाला ५०० लिटर धूर बाहेर पडतो आणि त्यात तीन टक्के कार्बन मोनॉक्साइड आहे. म्हणजे मिनिटाला १५ लिटर. बारा मिनिटांत मर्यादा गाठली! शीतगृहात तर गारवा टिकविण्यासाठी दारे मुद्दाम बंद ठेवतात. त्यामुळे तेथे हा धोका सर्वांत अधिक.

एंजिन वेळच्या वेळी तपासणे, धुराच्या नळीत उत्प्रेरक पेटी बसविणे, पंखे लावणे, दारे उघडी ठेवणे हे उपाय आहेतच. पण मुळात गोदामाच्या आत काही जाळलेच नाही तर?

जडपणा हाच गुण

ही कल्पना नवी नाही. १९०६ साली अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया रेल्वेने आल्टूना येथे सामान हलविण्यासाठी विजेच्या घटांवर चालणाऱ्या सपाट गाड्या वापरल्या होत्या. १९१७ मध्ये मिशिगन राज्यातील ब्यूकॅनन गावी क्लार्क कंपनीने आपल्याच कारखान्यात माल इकडून तिकडे नेण्यासाठी एक छोटी एंजिनाची गाडी बनविली. कारखाना पाहायला येणारे लोक तिच्यावरच खूष झाले आणि आम्हांलाही अशी गाडी द्या म्हणू लागले. पुढे अशा गाड्यांना उचलण्याची यंत्रणा जोडली गेली आणि आजची फोर्कलिफ्ट घडत गेली.

विजेच्या मोटारगाड्या मात्र कितीतरी वर्षे मागेच पडल्या. का? शिशाचा संचायक घट फार जड असतो. फ्रान्समधील गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तो शोधून काढला. शिशाच्या पट्ट्या आणि सौम्य गंधकाम्ल अशी त्याची रचना. एक किलोग्रॅम घटात जेमतेम ०.०३ युनिट वीज साठते. मोटारीत एवढे ओझे कोण घालणार?

पण फोर्कलिफ्टची गोष्ट निराळी आहे. तुम्ही खेळलेल्या सी-सॉची फळी आठवा. फोर्कलिफ्टची पुढची चाके हा टेकू. टेकूच्या पुढे ओझे, मागे गाडी. ओझे जड झाले की गाडी पुढच्या बाजूस कलंडणार. ते टाळण्यासाठी तिच्या पाठीत बिडाचा भला मोठा ठोकळा बसवावा लागतो. अडीच टन उचलणाऱ्या गाडीचे वजन चार टन का, याचे उत्तर हे आहे.

मग त्या ठोकळ्याच्या जागी घटच ठेवले तर? ४८ व्होल्ट आणि ६०० अँपिअर-तास क्षमतेच्या शिशाच्या घटमालेत सुमारे २९ युनिटे वीज मावते आणि तिचे वजन जवळजवळ एक टन भरते. जे वजन मोटारीत अडचण होते, तेच येथे तोल सांभाळायला उपयोगी पडले. आधी नुसता लोखंडाचा ठोकळा होता. आता वीज साठविणारा ठोकळा आला! म्हणूनच गोदामातली विजेची गाडी रस्त्यावरच्या विजेच्या गाडीपेक्षा कितीतरी आधी रुळली.

यातली पुढची गंमत ऐका. आता लिथियम-आयन घट आले आहेत. त्यांच्या शोधासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. फोर्कलिफ्टमध्ये बहुधा लोह-फॉस्फेट जातीचे लिथियम घट वापरतात. या पदार्थाविषयीचा महत्त्वाचा शोधनिबंध १९९७ साली गुडइनफ यांच्याबरोबर अक्षय पाधी आणि के. एस. नंजुंडस्वामी या दोन भारतीयांनी लिहिला होता. हे घट शिशाच्या घटांपेक्षा बरेच हलके असतात. आणि मग होते काय, की जुन्या गाडीत ते बसविताना तोल बिघडू नये म्हणून त्यांच्या पेटीत लोखंडी पत्रे भरून मुद्दाम वजन वाढवावे लागते!

उतरणारे ओझे वीज देते

विजेची मोटर घातली म्हणजे एंजिनात वाया जाणारे पंचाहत्तर भाग बहुतांशी वाचले. मोटर थांबली की खर्चही थांबतो. चालक चिठ्ठी वाचत असताना ती घरघरत बसत नाही.

जुन्या विजेच्या गाड्यांत मात्र एक खोड होती. वेग कमी करण्यासाठी मोटरच्या मार्गात तारेचा रोध घालीत. नळ पूर्ण सोडून ठेवायचा आणि जादा पाणी मोरीत जाऊ द्यायचे, तसाच हा प्रकार. जादा वीज रोधात तापून फुकट जाई. पुढे वीज सेकंदात शेकडो वेळा चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आले. जेवढी हवी तेवढीच वीज सोडायची, हे त्यांचे काम.

मोटरचा आणखी एक गुण तुम्हाला माहीत आहेच. तिला वीज दिली की ती फिरते. तिला बाहेरून फिरविले की ती वीज देते. तीच मोटर आणि तीच जनित्र. मग ब्रेकच्या पट्ट्या तापविण्यात गेलेले ते ४०,५०० ज्यूल आठवा. थांबताना चाकांनीच मोटर फिरविली, तर वीज तयार होते आणि ती पुन्हा घटात भरता येते. सगळी परत मिळत नाही. जाता-येता गळती होतेच. तरी पट्ट्या तापविण्यापेक्षा हे केव्हाही चांगले.

अशीच युक्ती ओझे खाली उतरवितानाही करता येते. वर ठेवलेल्या टनभर धान्यात २९,४०० ज्यूल स्थितिज ऊर्जा साठलेली असते. साध्या गाडीत खाली येणारे ओझे नळकांड्यातील तेल एका चिंचोळ्या झडपेतून ढकलते आणि तेल नुसते तापते. काही गाड्यांत हेच तेल पंपातून उलटे नेतात. पंप उलटा फिरतो, त्याला जोडलेली मोटर जनित्र होते आणि विहिरीत उतरणाऱ्या पोहऱ्याने रहाट फिरवावा, तसे उतरणारे ओझे घट भरू लागते.

धूर गेला की गाव बदलले?

आता तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "गोदामातला धूर गेला हे खरे, पण वीज बनविताना कोळसा जळतोच की!" प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचेही उत्तर हिशेबानेच देऊ.

एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ८३० ग्रॅम. त्यात ८६ टक्के, म्हणजे सुमारे ७१० ग्रॅम कार्बन असतो. जळताना १२ ग्रॅम कार्बनपासून ४४ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. त्रैराशिक मांडा, लिटरमागे उत्तर २.६ किलोग्रॅम येईल. इंधनापेक्षा धूर जड कसा, असे वाटले ना? जादा वजन हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचे आहे. आपल्या गाडीच्या तासाला अडीच लिटरचे होतात साडेसहा किलोग्रॅम.

विजेच्या गाडीला तेवढ्याच कामाला घटातून समजा पाच युनिटे लागतात. शिशाच्या घटात भरलेल्या विजेपैकी सारी परत मिळत नाही; भरणयंत्राची गळती धरून शंभरातील पंचाहत्तर हाती येतात. म्हणजे भिंतीवरच्या खटक्यातून सुमारे ६.७ युनिटे घ्यावी लागतील. भारतात अजूनही बरीच वीज कोळशापासून होते. आपल्या जाळ्यातील एका युनिटामागे सरासरी ०.७ किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड पडतो. गुणाकार केला तर ४.७ किलोग्रॅम. लिथियमच्या घटात गळती कमी. शंभरातील नव्वद हाती येतात असे धरले, तर ३.९ किलोग्रॅम. तारांतून होणारी गळती मिळवली, तर दोन्ही आकडे आणखी थोडे वाढतील.

तेव्हा विजेच्या गाडीवर कोणी 'शून्य प्रदूषण' अशी पाटी लावली, तर ती अर्धीच खरी समजा. गोदामापुरते शून्य; पण दूरच्या वीजकेंद्राच्या धुराड्यातून काही किलोग्रॅम निघालेच. साडेसहाचे चार झाले, हा लाभ लहान नाही. पण तो शून्यही नाही. मात्र एक फरक विसरू नका. डिझेलची गाडी म्हातारी होईपर्यंत तशीच धूर ओकणार. विजेची गाडी मात्र वीज जसजशी स्वच्छ होईल, तसतशी आपोआप स्वच्छ होत जाते. गोदामाचे छप्परही तिच्या मदतीला येऊ शकते. एवढे मोठे, सपाट आणि उन्हात तापणारे छप्पर दुसरीकडे कोठे मिळणार? त्यावर सौर पट्ट्या बसवून दिवसा घट भरले, तर चारचा आकडाही बराच खाली येईल.

घटांची काळजी मात्र घ्यायलाच हवी. शिशाचा घट भरत आला की त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले की एक ठिणगीही स्फोटाला पुरते. म्हणून घट भरण्याची खोली हवेशीर ठेवतात आणि तेथे विडी-काडीला सक्त मनाई असते. असा घट आठ तास काम करतो, आठ तास भरतो आणि आठ तास निवतो. त्यामुळे तिन्ही पाळ्या चालवायच्या तर एका गाडीला तीन घटमाला लागत. लिथियमचा घट चहाच्या सुट्टीतही थोडा भरून घेता येतो. पण तो फार तापला, तर पेट घेऊ शकतो आणि ती आग विझविणे अवघड असते. त्यासाठी प्रत्येक घटाचे तापमान आणि विद्युतदाब यांवर नजर ठेवणारा इलेक्ट्रॉनिक राखणदार त्यात बसविलेला असतो.

न मारलेली फेरी

सर्वांत स्वस्त उपाय मी शेवटी राखून ठेवला आहे. त्याला नवा घट लागत नाही की नवी मोटर.

तुमच्या स्वयंपाकघरात मीठ-मोहरीचा डबा कोठे असतो? हाताशी. आणि पुरणयंत्र? माळ्यावर. रोज लागणारी वस्तू जवळ आणि सणासुदीला लागणारी दूर, ही व्यवस्था आईने कोणत्या पुस्तकात वाचलेली नसते. गोदामालाही हाच नियम लागू पडतो. रोज निघणारा माल दाराजवळ आणि खालच्या फळीवर ठेवला, तर गाडीच्या फेऱ्या आखूड होतात. तीस मीटरचे अंतर पंधरा झाले की चाकांचा खर्च निम्मा झाला. माल घेऊन गेलेली गाडी येताना रिकामी न येता दुसरा माल घेऊन आली, तर एक पूर्ण फेरी वाचली. वेग सेकंदाला तीनऐवजी दोन मीटर ठेवला, तर ब्रेकमध्ये जाणारी ऊर्जा निम्म्याहूनही कमी होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आणि जमिनीवरच्या जमिनीवर पॅलेट सरकवायचे असेल, तर चार टनांची गाडी कशाला हवी? हाताने ओढायची छोटी पॅलेट-गाडी ते काम हसत-हसत करते.

न मारलेल्या फेरीला इंधन लागत नाही, घट लागत नाही आणि तिचा धूरही होत नाही. वीजकेंद्राच्या धुराड्यातूनदेखील नाही.

माणसाच्या माथ्यावरचे ओझे यंत्राने उतरविले, हे यंत्राचे मोठेच उपकार. पण माथ्यावरून उतरलेले ओझे त्याच माणसाच्या छातीत धुराच्या रूपाने जाऊन बसता कामा नये. तेवढी काळजी घेणे यंत्र बनविणाऱ्यांच्या आणि ते वापरणाऱ्यांच्या हाती आहे. उद्या त्यांच्यात तुमच्यापैकीही काहीजण असतील. तेव्हा कोणतेही यंत्र समोर आले, की आजच्यासारखा एक प्रश्न जरूर विचारा: कामाला खरी ऊर्जा किती लागते आणि आपण खर्च किती करतो?

करून पाहा

चाकांचा विरोध तुम्ही सायकलवर मोजू शकाल. रहदारी नसलेला, थोडा उतार आणि पुढे सपाट असलेला रस्ता निवडा. उतारावर खडूने एक रेघ मारा. दोन्ही चाकांत नीट हवा भरून रेघेपासून सायकल, पायडल न मारता, सोडा आणि ती कोठे थांबते ते मोजा. मग दोन्ही चाकांतली थोडी हवा सोडून तोच प्रयोग पुन्हा करा. प्रत्येक वेळी तीन मोजमापे घेऊन सरासरी काढा. रेघ तीच, तुम्ही तेच, उतारही तोच. म्हणजे सुरुवातीची ऊर्जा दोन्ही वेळा सारखीच होती. अंतरात जो फरक पडेल तो चाकांनी खाल्लेल्या ऊर्जेचा. तुमच्या सायकलीचा हा फरक किती येतो, ते वहीत लिहून ठेवा आणि आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा.